कंट्रोलचं दुकान: युद्धात उघडलं, अजून चालू आहे

विदर्भातल्या खेड्यात पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ लिहिलेलं असतं, पण तोंडात शब्द ‘कंट्रोल’. “कंट्रोलात माल आला काय?” “कंट्रोलचा तांदूळ आहे, मोकळा शिजत नाही.” हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला. सरकारनं धान्य, कापड, साखर, रॉकेल यांच्यावर नियंत्रणं घातली आणि तो इंग्रजी शब्द दुकानाला चिकटला. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, नियंत्रणाची कारणं कितीदा बदलली, दुकान मात्र राहिलं.

इथे एका कोण्या दुकानाची झडती नाही. यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती, बुलडाणा या पट्ट्यात जे ठरावीक कंट्रोल असतं, म्हणजे एक खोली, एक ई-पॉस मशीन (अंगठा घेऊन पावती काढणारं), एक इलेक्ट्रॉनिक काटा, भिंतीला टेकून ठेवलेले कट्टे आणि तीनेकशे कार्डं, त्या सेवेचं हे परीक्षण आहे. यातलं काय चांगलं, काय बिघडलेलं आणि का, ते कळायला आधी दुकानाची घडण कळली पाहिजे. ती घडण युद्धातली आहे.

मोठं युद्ध सुरू झालं की देशाच्या बाजारात दोन गोष्टी एकदम होतात. सरकार अफाट खरेदी करतं आणि त्यासाठी नोटा वाढवतं. त्याच वेळी रोजच्या वापराचा माल कमी होतो. १९३९ ते १९४५ मध्ये हिंदुस्थानात हेच झालं. ब्रिटनसाठी इथून घेतलेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत गेले आणि त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा छापल्या गेल्या. चलनातल्या नोटा युद्धाच्या काळात सुमारे सहापट झाल्या. सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या घरात गेलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. माणसाच्या हातात नोट आली, पण त्या नोटेला पुरेल इतकं धान्य बाजारात नव्हतं.

सरकारचा पहिला उपाय साधा होता: भाव बांधून टाका. डिसेंबर १९४१ मध्ये गव्हाचा जास्तीत जास्त घाऊक भाव ठरवला. गहू बाजारातून गायबच झाला. ज्याच्याकडे होता त्यानं दाबून ठेवला, ज्याला हवा होता त्यानं रात्री जास्त पैसे मोजून घेतला. जानेवारी १९४३ मध्ये ती मर्यादा काढून घ्यावी लागली. या फसलेल्या प्रयोगातून धडा मिळाला तो असा की नुसता भाव बांधून भागत नाही. माल सरकारच्या ताब्यात हवा, माणसामागे माप ठरलेलं हवं, आणि माप देणारं दुकानही ठरलेलं हवं. डिसेंबर १९४२ मध्ये दिल्लीत अन्न खातं उघडलं, २ मे १९४३ ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. कार्ड, युनिट, कोटा, परवानेदार दुकानदार, सरकारी गोदाम हे सगळे भाग तेव्हाच जुळवले गेले. आजच्या कंट्रोलात मशीन सोडलं तर नवीन काही नाही.

१९४३ मध्ये नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीनं प्रौढ माणसाला रोज एक पौंड धान्य मिळावं असं सुचवलं. एक पौंड म्हणजे ४५३ ग्रॅम. १९४६ मध्ये टंचाई वाढली तेव्हा ते १२ औंसांवर, म्हणजे ३४० ग्रॅमवर आणलं, आणि लोक चिडले. आज प्राधान्य गटातल्या, म्हणजे अन्न सुरक्षेच्या साध्या कार्डावरच्या, माणसाला महिन्याला ५ किलो मिळतं. तीस दिवसांनी भागलं तर १६७ ग्रॅम. १९४६ च्या टंचाईत कापलेल्या मापाच्याही हे निम्म्यावर येतं. त्या काळी ते विकत घ्यावं लागे आणि शहराबाहेर फारसं कोणाला मिळत नसे, हेही खरं. पण वेचणी-निंदणाला जाणारा माणूस दोन वेळा मिळून चारशे-पाचशे ग्रॅम धान्य सहज खातो; त्याचं एक तृतीयांश पोट कंट्रोलवर भरतं, बाकीचं दुकानातून विकत. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डावर ३५ किलो कार्डामागे मिळतं, माणसामागे नाही. घरात दोघंच असतील तर चंगळ, आठ जणं असतील तर प्राधान्य गट बरा वाटावा असं माप. आठ जणांच्या घराला प्राधान्य गटात ४० किलो मिळालं असतं, हा हिशेब कार्ड बदलताना करून बघावा.

हे दुकान काढलं कोणासाठी? भुकेल्यासाठी काढलं, असं आपण धरून चालतो. ते मुख्यतः कामगारासाठी काढलं होतं. युद्धाला कापड हवं, कोळसा हवा, दारूगोळा हवा. गिरणीतला माणूस धान्याच्या रांगेत उभा राहिला किंवा गावी निघून गेला तर उत्पादन थांबतं. मार्च १९४० मध्येच मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला होता. भत्ता द्यायचा तर खर्च वाढतो. त्यापेक्षा धान्याचा भाव कामगाराच्या दारात दाबून धरला तर मजुरीही आटोक्यात राहते. म्हणून रेशनिंग आधी शहरांत आलं आणि अंगमेहनतीच्या कामगाराला जास्तीचं माप मिळालं. बंगालात याचं भयानक टोक दिसलं. कलकत्त्यातल्या युद्ध-उद्योगांच्या कामगारांना ‘अग्रक्रमाचे’ म्हणून धान्य पोचवलं गेलं आणि १९४३ मध्ये खेड्यांत सुमारे तीस लाख माणसं मेली.

कामाची विभागणीही तेव्हा बदलली. कोळसा खाणीत जमिनीखाली बायकांना उतरवायला बंदी होती. कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये ती उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू केली. तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कारखान्यांसाठी कारागीर पुरेनात म्हणून तंत्रशिक्षणाचे वर्ग निघाले आणि सैन्यातून सुटणाऱ्या माणसांना काम लावायला १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रांची यंत्रणा उभी राहिली. ज्या रोजगार कार्यालयात आपल्या पिढ्यांनी नाव नोंदवून वाट पाहिली, ते कंट्रोलचं सख्खं भावंड.

वऱ्हाडाला युद्धाचा फटका वेगळ्या वाटेनं बसला. आपला आखूड धाग्याचा कापूस जपानला जात होता. १९४१ मध्ये जपानशी संबंध तुटले आणि तो बाजार बंद. पाठोपाठ ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली. कापसाखालची जमीन ज्वारीकडे वळवा असा सरकारचा आग्रह. म्हणजे इथलं खेडं तेव्हा कंट्रोलचं गिऱ्हाईक नव्हतं, कंट्रोलला माल पुरवणारं होतं. गिऱ्हाईक ते पुढे झालं. महात्मा गांधींच्या आग्रहानं डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणं सैल केली, भाव भडकले, १९४८ मध्ये पुन्हा लावली. अन्नमंत्री रफी अहमद किडवईंच्या काळात १९५४ पर्यंत बहुतेक उठवली. मग १९५६ पासून अमेरिकेच्या पीएल-४८० या मदत कायद्याखालचा गहू आला आणि दुकानं पुन्हा भरली. लाल मिलो ज्वारी जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे. तिच्या भाकरीबद्दल कोणी चांगलं बोललेलं ऐकिवात नाही. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात अमेरिकेनं हात आखडता घेतल्यावर परदेशी गव्हावर देश चालत नाही हे दिल्लीला कळलं. अन्न महामंडळ त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालं होतं. त्यानंतर किमान भावानं खरेदी आणि कंट्रोल ही एकाच दोरीची दोन टोकं झाली. युद्धातलं नियंत्रणाचं फर्मान १९४६ च्या तात्पुरत्या कायद्यात गेलं आणि तिथून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात. ‘तात्पुरता’ या शब्दाचं सरकारी आयुष्य किती असतं ते यावरून धरावं.

आता आजची सेवा. धान्य अन्न महामंडळाच्या डेपोतून तालुक्याच्या शासकीय गोदामात येतं आणि तिथून द्वारपोच योजनेच्या ट्रकनं दुकानात. दुकानात गेल्यावर क्रम असा असतो: कार्डाचा बारा अंकी नंबर मशीनमध्ये टाकायचा, घरातल्यांची नावं येतात, आलेल्या माणसाचं नाव निवडायचं, अंगठा लावायचा, आधारशी जुळलं की त्या महिन्याचा हक्क पडद्यावर दिसतो, वजन होतं, पावती निघते. सगळं सुरळीत असेल तर तीन-चार मिनिटांचं काम. १ जानेवारी २०२३ पासून गहू-तांदूळ फुकट आहे. १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ते वाढवलं आहे. म्हणून पावतीवर धान्यापुढे रक्कम शून्य हवी. अंत्योदयची साखर मात्र किलोला २० रुपये. धान्याचे म्हणून कोणी दहा-वीस मागत असेल तर ते ‘हमाली’ नाही, ‘पिशवी’ नाही आणि ‘मशीनचा खर्च’ही नाही.

बिघाड पहिला, अंगठा. “थम लागत नाही” हे वाक्य कंट्रोलात सगळ्यात जास्त ऐकू येतं. कापूस वेचणाऱ्या, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेल्या, गारा कालवणाऱ्या आणि साठीच्या पुढच्या माणसांचे ठसे झिजतात. मशीन तो ठसा नोंदीशी जुळवतं आणि नाकारतं. हात धुऊन कोरडे करून, बोटाला थोडं खोबरेल लावून पुसून लावलं की बऱ्याचदा लागतं; फार कोरड्या बोटाचा ठसा तुटक उठतो. दहाही बोटं करून पाहा, अंगठ्याचाच हट्ट नको. डोळ्याचा स्कॅनर असेल तर तो मागा, मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचा पर्याय विचारा. कायमचा उपाय म्हणजे आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घ्यायचे. हे काम वेचणीच्या हंगामात करू नये, मे महिन्यात करावं. तेव्हा कातडी भरून आलेली असते.

दुसरा बिघाड, लिंक. “लिंक नाही हाये, सायंकाळी या.” महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते आणि लिंक हमखास जाते. धान्य आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात सकाळी लवकर गेलं तर हा त्रास निम्म्यानं कमी. मजुरी बुडवून तीन चकरा घालणाऱ्या बाईला फुकट धान्य फुकट पडत नाही. दिवसाची ३०० रुपये मजुरी धरली आणि दोन अर्धे दिवस गेले तर चार माणसांच्या २० किलोला १५ रुपये किलोचा भाव पडला.

तिसरा बिघाड वजनाचा, आणि हा समजून घेण्यासारखा आहे. सरकारी कट्ट्यात धान्याची भरती ५० किलो निव्वळ असते. तागाच्या कट्ट्याचं वजन सुमारे ५८० ग्रॅम वेगळं. गोदामातून दुकानदाराला कट्ट्यासकट ५० किलो मोजून मिळालं, तर दर कट्ट्याला अर्ध्या किलोहून जास्त त्याच्या अंगावर बसतं. महिन्याला ६० क्विंटल, म्हणजे १२० कट्टे उचलणाऱ्या दुकानाला ही तूट ७० किलोच्या आसपास जाते. ती तीनशे कार्डांवर वाटली तर कार्डामागे साधारण २३० ग्रॅम. गावात पाव किलोची जी ‘कटती’ असते ती बऱ्याचदा इथे जन्मते. सगळीच दुकानदाराच्या खिशात जाते असं नाही. पण तुमच्यापुरतं चूक ती चूकच. पाहायचं ते एवढंच: रिकामी पिशवी किंवा घमेलं ठेवल्यावर काट्यावर शून्य केलं का, काटा सपाट जागेवर आहे का, वैधमापनचा शिक्का चालू वर्षाचा आहे का. काटा मशीनला जोडलेला असेल तर वजन आपोआप पावतीत उतरतं आणि हा घोळ बराच कमी होतो. अशी जोडणी ज्या दुकानांत चालू आहे त्यांना वजनाच्या बाबतीत पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. जिथे काटा वेगळा आणि मशीन वेगळं, तिथे दोन.

मालाचा दर्जा मध्यम. गहू चपातीला चालतो, चाळून घ्यावा लागतो. तांदळाबद्दल तक्रारी दोन प्रकारच्या. एक खरी: तुकडा जास्त, कधी जुना वास. दुसरी चुकीची: “प्लास्टिकचा तांदूळ”. तांदळात १०० किलोला १ किलो पोषक दाणे मिसळलेले असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून मशीनमधून तांदळाच्या आकारात काढलेले ते दाणे. थोडे पिवळसर दिसतात, धुताना काही वर तरंगतात, दाबलं तर पिठूळ वाटतात. १२ किलो तांदळात ते फक्त १२० ग्रॅम असतात, आणि बाया नेमके तेच निवडून कोंबड्यांना टाकतात. फेकू नका, तांदूळ एकदा-दोनदा हलक्या हातानं धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा, पेज काढून टाकू नका. या दाण्यांबद्दल दुकानात एक कागद चिकटवायला हवा होता. बहुतेक ठिकाणी तो नसतो, म्हणून माहितीच्या खात्यावर गुण कापले.

ज्वारी खाणाऱ्या पट्ट्याला वर्षानुवर्षं गहू-तांदूळ देणं ही या सेवेची सगळ्यात जुनी खोड आहे. सरकार जे घाऊक खरेदी करू शकतं तेच वाटतं. पंजाबचा गहू गोदामात आहे म्हणून वऱ्हाडात पोळी. ज्वारीचा पेरा आपल्याकडे सोयाबीननं खाल्ला, हे खरं. पण सरकारनं ज्वारी नेमानं विकत घेतली नाही हेही त्यातलं एक कारण धरलं पाहिजे.

२०२५ च्या पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्टचं धान्य एकदम दिलं गेलं. चार माणसांच्या घरात ६० किलो. मेळघाटासारख्या पावसात तुटणाऱ्या भागात हे कामाचं आहे, पण कौलातून गळणाऱ्या खोलीत ६० किलो ठेवायचं कुठे? एकदम माल घेतला तर दोन दिवस कडक उन्हात पसरून, पूर्ण गार झाल्यावर भरा. गरम धान्य झाकलं की आत पाणी सुटतं आणि सोंडे धरतात. पत्र्याची कोठी नसेल तर निदान जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटं ठेवा, मध्ये-मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. आधी तांदूळ संपवायचा की गहू असा प्रश्न पडला तर ज्याला आधी किडा दिसेल तो.

दुकानदाराच्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. त्याचं मार्जिन क्विंटलला १५० रुपये होतं, २०२५ मध्ये १७० झालं. ६० क्विंटलला १०,२०० रुपये. यातून खोलीचं भाडं, वीज, हमाली, मदतनीस आणि स्वतःचा पगार. गावात किराणा टाकणारा माणूसही यापेक्षा बरा राहतो. युद्धातल्या कंट्रोलातही नेमकं हेच होतं: बांधलेला भाव आणि बाजारभाव यांत मोठी फट, आणि त्या फटीच्या तोंडाशी कमी कमाईचा माणूस बसवलेला. काळाबाजार त्या फटीतून निघतो. आज फट आणखी रुंद आहे, कारण आतला भाव शून्य आहे. दुकानाबाहेर दुचाकीवर पोतं टाकून तांदूळ विकत घेणारा माणूस बहुतेक बाजारगावांत दिसतो. भात कमी खाणारी घरं त्याला तांदूळ विकून तेल-मीठ घेतात. हा गुन्हा आहे आणि पकडलं तर कार्ड जातं. पण ज्याला ज्वारी हवी त्याला तांदूळ दिला तर तो असाच फिरणार.

“फुकट धान्यानं मजूर आळशी झाले, वेचणीला माणूस मिळत नाही” हे पारावरचं आवडतं वाक्य. हिशेब करून पाहू. चार माणसांच्या घराला महिन्याला २० किलो. बाजारात किलोला ३० रुपये धरले तर ६०० रुपयांचा माल. वेचणीचा दर किलोला १० रुपये आणि दिवसाला ४० किलो वेचला तर ४०० रुपये रोज. म्हणजे कंट्रोलचं महिन्याचं धान्य दीड दिवसाच्या वेचणीइतकं झालं. दीड दिवसाच्या मजुरीवर कोणी तीस दिवस बसून राहत नाही. माणूस मिळत नाही कारण तो पुण्याला, सुरतेला, वीटभट्टीवर, बांधकामावर गेला आहे. तिथे रोज जास्त आहे आणि काम वर्षभर आहे. युद्धातल्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार होती, तेव्हा माणूस लष्करात आणि लष्कराच्या ठेकेदारीवर जात होता.

उलट गेलेल्या माणसाला कंट्रोल आता सोबत नेता येतं, आणि या सेवेतली ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे. युद्धातलं कार्ड एका दुकानाला बांधलेलं होतं. आता ‘एक देश एक कार्ड’मुळे कोणत्याही दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. नवरा-बायको भट्टीवर आणि म्हातारी गावात असेल तर थोडं तिकडे, थोडं इकडे असंही उचलता येतं. अट दोनच: कार्डातल्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेली. निघण्याआधी गावातच ती उरकून घ्या. ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहऱ्यानंही होते. कोणी म्हटलं की “बाहेरच्या कार्डाला कोटा नाही”, तर ते चूक आहे, मशीनवर नंबर टाकून दाखवा म्हणावं. अन्न सुरक्षा कायद्यानुसार कार्डावर घरातली मोठी बाई प्रमुख असते. ती गावात आणि बाकीचे बाहेर असले तरी अडत नाही.

एका गटाला मात्र या दुकानानं दार लावलं. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या (अंत्योदय आणि प्राधान्य गटात न बसणाऱ्या) शेतकऱ्यांना, त्यात आपले अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, २०१५ पासून माणसामागे ५ किलो स्वस्त धान्य मिळत होतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, उन्हाळ्यानं गहू करपला, खुल्या बाजारात भाव चढले आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ ला निर्यात बंद केली, अनेक राज्यांना गव्हाऐवजी तांदूळ दिला. त्याच वर्षात या शेतकऱ्यांचं धान्यही मिळेनासं झालं आणि २०२३ पासून त्याजागी माणसामागे महिन्याला १५० रुपये खात्यात, पुढे १७०.

१७० भागिले ५ म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारात धान्य ३४ च्या आत आहे तोवर शेतकरी तोट्यात नाही, उलट त्याला ज्वारी घ्यायची मोकळीक आहे. ३४ च्या वर गेलं की दर रुपयाला त्याचं माप घटतं. दुसऱ्या महायुद्धानं पहिल्या चार वर्षांत जसे भाव दुपटीवर नेले तसे गेले, तर त्याच १७० मध्ये अडीच किलो. कार्डावरच्या ५ किलोला भाववाढ लागत नाही, खात्यातल्या रकमेला लागते. म्हणून रोख रक्कम महागाईला बांधल्याशिवाय ही अदलाबदल पत्करण्यासारखी नाही. गिरणी कामगारानं १९४० मध्ये महागाईला बांधलेला भत्ता मागितला तो याचसाठी. शेतकऱ्याला तसा भत्ता कोणी लावून दिलेला नाही.

केशरीवाल्यांनी खातं तपासावं: रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खातं तुम्ही समजता तेच असेल असं नाही. जुनं जनधन खातं, बंद पडलेलं पोस्टाचं खातं, यांत पैसे पडून असल्याचं आढळतं. बँकेत जाऊन ‘आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ एवढंच विचारायचं.

तक्रारीसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर फोन करा. “धान्य कमी देतात” असं मोघम सांगितलं तर काही हलत नाही. दुकानाचा क्रमांक, पावतीचा नंबर, तारीख, पावतीवरचं वजन आणि घरी दुसऱ्या काट्यावर भरलेलं वजन, एवढं द्या. पावती दिलीच नाही तर तीच तक्रार नोंदवा, आणि महाईपॉसच्या संकेतस्थळावर कार्डाचा नंबर टाकून तुमच्या नावे काय उचललं गेलं ते पाहून ठेवा. तुम्ही न उचललेला महिना तिथे उचललेला दिसला तर त्या पानाचा फोटो आधी काढायचा, भांडण नंतर. गावात दक्षता समिती असते, तिच्या सदस्यांची नावं दुकानात लावलेली असायला हवीत. नसतील तर पुढच्या ग्रामसभेत तो प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.